तोर्ला परिसरातील पदभ्रमण मार्ग

तोर्ला (अधिकृत नाव: तोर्ला-ओर्देसा) हे स्पेनच्या आरागोन स्वायत्त संघातील वेस्का प्रांतात, सोब्रार्बे या डोंगराळ भागात वसलेले एक लहान गाव आहे. समुद्रसपाटीपासून सुमारे १,०३० मीटर उंचीवर, आरा नदीच्या खोऱ्यात असलेल्या या नगरपालिकेची लोकसंख्या जेमतेम तीनशेच्या घरात आहे. फ्राखेन, लिनास दे ब्रोतो आणि व्हिउ ही वाडीवजा गावेही तिच्यातच मोडतात. दगडी भिंती व पाटीच्या दगडांची उतरती छपरे असलेली घरे, १६व्या शतकातील सान साल्वादोर चर्च आणि त्यामागे भिंतीसारखा उभा असलेला २,८४८ मीटर उंचीचा मोंदारुएगोचा कडा हे तोर्लाचे नेहमीचे छायाचित्र होय. ओर्देसा व मोंते पेर्दिदो राष्ट्रीय उद्यानाचे प्रमुख प्रवेशद्वार म्हणून हे गाव ओळखले जाते आणि पिरेनीज पर्वतरांगेतील सर्वाधिक वर्दळीच्या काही पाऊलवाटा येथूनच सुरू होतात.

या वाटांपैकी फारच थोड्या पर्यटकांसाठी म्हणून आखल्या गेल्या. बहुतेक वाटा मेंढपाळ, व्यापारी, तस्कर आणि शिकारी यांच्या पायांनी पडलेल्या आहेत. त्यांची नावे आणि त्यांचे अवघड टप्पे समजून घेण्यास हा इतिहास उपयोगी पडतो.

भूरचना

गावाच्या थोडे उत्तरेला दोन दऱ्या एकत्र येतात. सरळ उत्तरेकडून, फ्रान्सच्या सीमेवरील विन्यमाल शिखराच्या बाजूने, आरा नदी येते. तिच्या या वरच्या खोऱ्याला बुहारुएलो म्हणतात. पूर्वेकडून आरासास नदी येते आणि तिचे खोरे म्हणजेच ओर्देसाची दरी. दोन्ही नद्यांचा संगम 'नाव्हारोंचा पूल' या नावाच्या पुलाजवळ होतो. तोर्लाहून निघणाऱ्या जवळजवळ प्रत्येक मोठ्या वाटेला या ठिकाणी डावे की उजवे हे ठरवावे लागते.

ओर्देसाची दरी मुख्यतः चुनखडी व वालुकाश्म यांच्या थरांतून कोरली गेली आहे. हे थर प्राचीन समुद्राच्या तळाशी साचले आणि पिरेनीजच्या निर्मितीत दुमडून वर आले. त्यामुळे तीन हजार मीटर उंचीवरील खडकांतही सागरी जीवाश्म आढळतात. पुढे हिमनद्यांनी दरीचा तळ रुंद व बाजू सरळसोट केल्या. कठीण थरांचे उभे कडे आणि त्यांच्या मधल्या मऊ थरांच्या झिजेतून तयार झालेले आडवे, अरुंद, गवताळ पट्टे अशी या भिंतींची रचना आहे. कड्याच्या मध्यावरील अशा पट्ट्याला मराठीत पदर म्हणता येईल. स्थानिक नाव 'फाहा' असे आहे. हे पदर नसते तर ओर्देसाच्या भिंतींवर दोर व खिळ्यांशिवाय जाणे अशक्य झाले असते. खाली हजार फुटांची पोकळी आणि वर तेवढाच कडा, असे असूनही पायाखाली मात्र सपाट वाट, हा अनुभव येथील पदरांवरच येतो.

मोंते पेर्दिदो (३,३५५ मीटर, नव्या मोजणीनुसार काही मीटर कमी) हे या भागातील सर्वोच्च आणि पिरेनीजमधील तिसऱ्या क्रमांकाचे शिखर आहे. नावाचा अर्थ 'हरवलेला पर्वत'. फ्रान्सच्या बाजूने पाहणाऱ्यांना ते गाव्हार्नीच्या शिखरांआड दडलेले असते, म्हणून हे नाव पडले. तोर्लाच्या बाजूच्या लोकांच्या दृष्टीने ते कधीच हरवले नव्हते.

वाटांचा इतिहास

तोर्ला आणि शेजारचे ब्रोतो यांचे जीवन शतकानुशतके गुराढोरांवर चालत आले. हिवाळ्यात जनावरे खालच्या मैदानांत आणि उन्हाळ्यात उंचावरील कुरणांत नेण्याची पद्धत होती. देशांच्या सीमा या कुरणांच्या आड येत नसत. ब्रोतो खोरे आणि पलीकडील फ्रेंच बारेज खोरे यांच्यात कुरणांच्या वापराविषयी मध्ययुगापासून करार होते, आणि त्यांनुसार आरागोनमधील गुरे उन्हाळ्यात बुहारुएलोची खिंड ओलांडून फ्रान्सच्या हद्दीत चरायला जात. ही प्रथा आजही जिवंत आहे. युनेस्कोने १९९७ मध्ये 'पिरेनीज–मोंते पेर्दिदो' या सीमेपार पसरलेल्या प्रदेशाचा जागतिक वारसा यादीत समावेश केला तो केवळ निसर्गासाठी नव्हे, तर या पशुपालक संस्कृतीसाठीही. निसर्ग आणि संस्कृती या दोन्ही निकषांवर निवडल्या गेलेल्या मोजक्या स्थळांत त्याची गणना होते.

बाहेरच्या जगाचे लक्ष या दरीकडे वेधले ते फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञ लुई रामों द कार्बोनिएर यांच्यामुळे. मोंते पेर्दिदो गाठण्याच्या त्यांच्या ध्यासातून ऑगस्ट १८०२ मध्ये शिखर सर झाले. मात्र माथ्यावर आधी पोहोचले ते त्यांनी पुढे पाठवलेले वाटाडे, आणि त्यांच्यासोबत वाटेत भेटलेला एक आरागोनी मेंढपाळ. स्वतः रामों काही दिवसांनी चढले. पर्वतारोहणाच्या इतिहासात श्रेय सहसा रामों यांच्या नावावर मांडले जाते आणि मेंढपाळाचा उल्लेख ओझरताच येतो. कड्यांच्या सावलीतील भेगांत उगवणाऱ्या, जांभळ्या फुलांच्या रामोंडा या वनस्पतीला रामों यांचेच नाव दिले आहे.

१९व्या शतकाच्या अखेरीस फ्रेंच छायाचित्रकार व लेखक ल्युसियँ ब्रिए यांनी या भागाचे अनेक दौरे केले, छायाचित्रे काढली आणि दरीच्या संरक्षणाची मागणी सातत्याने लावून धरली. स्पेनने १९१६ मध्ये राष्ट्रीय उद्यानांचा कायदा केला. त्यानंतर २२ जुलै १९१८ रोजी कोव्हादोंगा आणि १६ ऑगस्ट १९१८ रोजी ओर्देसा ही देशातील पहिली दोन राष्ट्रीय उद्याने घोषित झाली. सुरुवातीचे उद्यान सुमारे दोन हजार हेक्टरचे, म्हणजे केवळ आरासासच्या दरीपुरते होते. शेजारच्या आन्यिस्क्लो घळईत जलविद्युत प्रकल्पाचे सावट आल्यावर विस्ताराची मागणी वाढली आणि १९८२ मध्ये आन्यिस्क्लो, एस्क्वाइन व पिनेता या खोऱ्यांचा समावेश होऊन क्षेत्र १५,६०८ हेक्टर झाले.

प्रमुख मार्ग

तुरिएतोची वाट. तोर्लाहून ओर्देसाच्या कुरणापर्यंत (ला प्रादेरा, सुमारे १,३०० मीटर) मोटाररस्ता होण्यापूर्वी लोक याच वाटेने जात. गावाखालील पुलावरून आरा ओलांडल्यावर वाट जंगलात शिरते आणि पुढे आरासासच्या डाव्या तीरावरून, रस्त्याच्या समोरच्या बाजूने, वर चढत जाते. दोन ते अडीच तासांची ही चाल आहे. बहुतेक पर्यटक बसने थेट कुरणापर्यंत जात असल्याने ही वाट उन्हाळ्यातही शांत असते. दरी हळूहळू कशी उलगडते हे पाहायचे असेल तर बसपेक्षा हीच वाट बरी. तामबोरोतेराच्या धबधब्याजवळ नदीचा आवाज वाटेवर स्पष्ट ऐकू येतो.

दरीच्या तळाची वाट. हा ओर्देसातील सर्वांत प्रसिद्ध मार्ग. कुरणापासून दरीच्या शेवटच्या टोकाला असलेल्या 'कोला दे काबायो' (घोड्याची शेपटी) या धबधब्यापर्यंतचे अंतर जाऊन-येऊन सुमारे १७ किलोमीटर असून त्याला सहा-सात तास लागतात. एकूण चढ साडेचारशे ते पाचशे मीटरचा असल्याने सवय नसलेल्यांनाही तो झेपतो. सुरुवातीला वाट बीच व फर वृक्षांच्या दाट रानातून जाते. ऑक्टोबरच्या उत्तरार्धात बीचची पाने तांबूस होतात, तेव्हा छायाचित्रकारांची येथे रीघ लागते. आरिपास, 'गुहेचा' आणि 'अरुंद' या नावांचे धबधबे मागे टाकल्यावर रान विरळ होत जाते आणि सोआसोच्या पायऱ्या (ग्रादास दे सोआसो) लागतात. येथे आरासास नदी आडव्या खडकांच्या थरांवरून पायरीपायरीने उतरते. पायऱ्या इतक्या सारख्या आहेत की त्या माणसाने बांधल्या असाव्यात असे वाटते. त्यापुढे दरी अचानक रुंद व उघडी होते. हिमनदीने कोरलेल्या या अर्धवर्तुळाकार खोलगट भागाला सोआसोचे सर्क म्हणतात आणि त्याच्या डोक्याशी धबधबा आहे. धबधब्याची उंची फार नाही. त्याची ख्याती आकारापेक्षा जागेमुळे आहे.

शिकाऱ्यांची वाट व पेलायचा पदर. कुरणाजवळ नदी ओलांडून दक्षिण भिंतीच्या उतारावर चढणाऱ्या वाटेस 'सेंदा दे लोस कासादोरेस' (शिकाऱ्यांची पाऊलवाट) म्हणतात. ती सुमारे साडेसहाशे मीटरचा चढ थोड्याच अंतरात, असंख्य वळणे घेत पार करते आणि काल्सिलारुएगोच्या सज्जावर पोहोचते. तेथून कोतातुएरो, तोबाकोर आणि तोसाल देल मायो हे समोरच्या भिंतीवरील कडे एका दृष्टिक्षेपात दिसतात. यानंतर पेलायचा पदर सुरू होतो. तो जवळजवळ सपाट राहून, किंचित उतरत, सोआसोच्या सर्कपर्यंत नेतो आणि परतीसाठी दरीच्या तळाची वाट मिळते. पूर्ण फेरी सुमारे २० किलोमीटरची, सात ते आठ तासांची आहे. ही फेरी नेहमी याच दिशेने, म्हणजे शिकाऱ्यांची वाट चढून करावी; उलट दिशेने दिवसाच्या शेवटी थकलेल्या गुडघ्यांनी तो उतार उतरणे त्रासाचे आणि ओल असल्यास धोक्याचे ठरते. हिवाळ्यात व वसंताच्या सुरुवातीस हिमस्खलनामुळे ही वाट टाळली जाते.

बुकार्दो

शिकाऱ्यांच्या वाटेवरचे शिकारी ज्याच्या मागावर असत तो प्राणी म्हणजे बुकार्दो, पिरेनीजमधील रानबकऱ्याची एक उपजात. भरदार शरीर आणि हिवाळ्यात दाट होणारी लोकर यांमुळे तो इबेरियातील इतर रानबकऱ्यांहून वेगळा उठून दिसे. वाकदार, जाड शिंगांसाठी १९व्या शतकात ब्रिटिश व फ्रेंच शिकारी तोर्लात येऊन राहत आणि गावातील लोक त्यांचे वाटाडे होत. शतक संपेपर्यंत हा प्राणी ओर्देसाच्या कड्यांपुरता उरला. १९१८ मध्ये उद्यान स्थापन करण्यामागे त्याला वाचवणे हाही एक हेतू होता. शिकार थांबली, पण संख्या पुन्हा वाढली नाही. १९९०च्या दशकात केवळ काही जनावरे आणि अखेर सेलिया नावाने ओळखली जाणारी एकच मादी राहिली. १९९९ मध्ये तिला पकडून तिच्या पेशींचे नमुने घेण्यात आले, गळ्यात रेडिओ पट्टा बांधून तिला पुन्हा सोडण्यात आले. ६ जानेवारी २००० रोजी ती कोसळलेल्या झाडाखाली मृतावस्थेत सापडली आणि उपजात नामशेष झाली.

गोठवून ठेवलेल्या त्या पेशींपासून ३० जुलै २००३ रोजी एका संकरित बकरीच्या पोटी सेलियाचा क्लोन जन्मास आला. फुप्फुसातील दोषामुळे तो काही मिनिटांतच मरण पावला. नामशेष झालेला प्राणी क्लोनिंगने पुन्हा जन्माला घालण्याचा हा पहिला प्रयोग मानला जातो. त्यामुळे बुकार्दो दोनदा नामशेष झाला असेही म्हटले जाते. पेंढा भरून जतन केलेला सेलियाचा देह तोर्ला येथील उद्यानाच्या अभ्यागत केंद्रात ठेवला आहे. दरीत जाणारे बहुतेक लोक त्या इमारतीच्या शेजारीच बसमध्ये चढतात. २०१४ पासून फ्रान्सच्या पिरेनीज राष्ट्रीय उद्यानात मध्य स्पेनमधील दुसऱ्या उपजातीचे रानबकरे सोडण्यात आले आणि ते सीमा ओलांडून या बाजूसही येऊ लागले. पदरांवरून आता पुन्हा शिंगे दिसतात, मात्र ती बुकार्दोची नाहीत. आज येथे सहज दिसणारे प्राणी म्हणजे शॅमॉय (स्थानिक नाव सारियो) आणि शिटी वाजवणारे मार्मोट. आकाशात दाढीवाले गिधाड आढळते. हाडे उंचावरून खडकांवर टाकून फोडण्याच्या सवयीमुळे त्याचे स्पॅनिश नावच 'हाडफोड्या' अशा अर्थाचे आहे. हीच जात हिमालयातही आहे.

लोखंडी खुंट्यांचे मार्ग

कोतातुएरोच्या धबधब्याशेजारच्या कड्यात ठोकलेल्या लोखंडी खुंट्या हेही शिकारीचेच अवशेष आहेत. एडवर्ड बक्स्टन या इंग्रज शिकाऱ्याला वरच्या सर्कमध्ये सोप्या मार्गाने पोहोचता यावे म्हणून १८८१ मध्ये तोर्लाच्या लोहाराने त्या बसवल्या. खाली मोठी पोकळी असलेल्या या आडव्या टप्प्यावर आज पोलादी दोरही आहे, तरी उंचीची भीती असणाऱ्यांनी येथे जाऊ नये. अनुभवी लोकही कमरेला पट्टा व सुरक्षेची साखळी वापरतात. कारियाता व सालारोन्स येथेही अशा खुंट्या आहेत. या दोन्ही बाजूंना जोडणारा, सुमारे २,४०० मीटरवरील 'फुलांचा पदर' (फाहा दे लास फ्लोरेस) ओर्देसातील सर्वांत देखण्या वाटांपैकी एक होय. काही ठिकाणी तो मीटरभरच रुंद असला तरी तांत्रिकदृष्ट्या अवघड नाही. मात्र धुके, पाऊस किंवा बर्फ असताना तेथे जाण्याचा मोह टाळावा, कारण मध्येच परतण्यासाठी दुसरी वाट नाही.

गोरिस व मोंते पेर्दिदो

कोला दे काबायोच्या वर गोरिस हे सुमारे २,२०० मीटर उंचीवरील निवारागृह आहे. धबधब्याच्या बाजूने तेथे जाण्यास दोन पर्याय आहेत: साखळ्या व खुंट्या असलेला छोटा कडा, किंवा नागमोडी वळणांची लांब पण निर्धोक वाट. स्पेनच्या बाजूने मोंते पेर्दिदो चढणारे बहुतेक जण गोरिसलाच मुक्काम करतात. शिखराची नेहमीची वाट गोठलेल्या तळ्यावरून (लागो एलादो) जाते आणि अखेरीस 'एस्कुपिदेरा' नावाच्या उतारावर येते. शब्दाचा अर्थ पिकदाणी. खालून उतार साधा दिसतो, पण तो कड्याच्या दिशेने कललेला असून त्यावर बर्फ असताना घसरलेला माणूस थेट खाली फेकला जातो. पिरेनीजमधील सर्वाधिक प्राणघातक जागांत तिची गणना होते. जूनच्या अखेरीसही येथे कठीण बर्फ असू शकतो. बुटांना काटे आणि हातात बर्फकुऱ्हाड नसेल, आणि ती वापरण्याचा सरावही नसेल, तर तळ्यावरूनच परतणे श्रेयस्कर.

गोरिसहून पश्चिमेकडे जाणारी दुसरी वाट रोलांच्या खिंडीकडे (ब्रेचा दे रोलान्दो, २,८०७ मीटर) नेते. सीमेवरील कड्यात सुमारे ४० मीटर रुंद व १०० मीटर उंच अशी ही चौकोनी फट आहे. इ.स. ७७८च्या रोन्सेस्वायेसच्या लढाईनंतर शार्लमेनचा सरदार रोलां याने आपली तलवार शत्रूच्या हाती लागू नये म्हणून खडकावर आपटली आणि कडा दुभंगला, अशी दंतकथा आहे. लढाईचे ठिकाण येथून बरेच दूर पश्चिमेला आहे, ही गोष्ट दंतकथेला अडचणीची वाटत नाही. खिंडीजवळ १९२६ मध्ये नॉर्बेर कास्तरे यांनी शोधलेली बर्फाची गुहा आहे.

बुहारुएलो

ओर्देसाच्या गर्दीला कंटाळलेले लोक आराच्या खोऱ्याकडे वळतात. नाव्हारोंच्या पुलापासून कच्चा रस्ता आणि त्याला समांतर पाऊलवाट नदीच्या अरुंद घळईतून सान निकोलास दे बुहारुएलो येथे जाते. येथील एककमानी मध्ययुगीन दगडी पूल, सान निकोलासच्या प्रार्थनागृहाचे भग्नावशेष आणि प्रवाशांच्या जुन्या धर्मशाळेच्या जागी आज चालणारे निवारागृह एवढीच वस्ती आहे. हिवाळ्यात खिंड ओलांडणाऱ्या व्यापाऱ्यांना व यात्रेकरूंना आसरा देण्यासाठी ही धर्मशाळा होती. लोकर, मीठ आणि जनावरे या मार्गाने ये-जा करीत, आणि जकात चुकवून जाणारा मालही. पुलावरून चढणारी वाट नऊशे मीटरहून अधिक उंची गाठून बुहारुएलोच्या खिंडीत (सुमारे २,२७० मीटर) फ्रान्सच्या सीमेवर पोहोचते. फ्रेंच बाजूने खिंडीपर्यंत मोटाररस्ता बांधला गेला, स्पॅनिश बाजूने तो कधीच झाला नाही. म्हणूनच ही बाजू पायवाटेचीच राहिली आहे. ज्यांना चढ नको त्यांच्यासाठी ओताल खोऱ्याची अर्ध्या दिवसाची वाट चांगली. तेथे उन्हाळ्यात गायी चरतात आणि जून महिन्यात कुरणे फुलांनी भरतात.

आरा ही पिरेनीजमधील धरण नसलेल्या मोजक्या मोठ्या नद्यांपैकी एक आहे. खालच्या बाजूस हानोव्हास येथे तिच्यावर धरण बांधण्याची योजना २०व्या शतकात मंजूर झाली, त्यासाठी गावकऱ्यांना घरे सोडावी लागली आणि गाव उद्ध्वस्त झाले. धरण मात्र बांधले गेले नाही आणि योजना अखेर रद्द झाली. विस्थापितांच्या पुढील पिढ्या आता घरे पुन्हा उभारत आहेत.

अटलांटिकपासून भूमध्य समुद्रापर्यंत पिरेनीजची स्पॅनिश बाजू पार करणारा जी. आर. ११ हा लांब पल्ल्याचा मार्ग बुहारुएलोतून खाली येतो, ओर्देसाच्या दरीतून कोला दे काबायो व गोरिसला चढतो आणि पुढे आन्यिस्क्लोकडे जातो. झाडांवर व खडकांवर पांढऱ्या-लाल पट्ट्यांनी तो दर्शवलेला असतो. छोट्या स्थानिक मार्गांसाठी पांढरे-पिवळे पट्टे वापरतात.

प्रवेश व हंगाम

तोर्ला एन-२६० या राष्ट्रीय महामार्गालगत ब्रोतोच्या वरच्या बाजूस आहे. ईस्टरचा आठवडा, उन्हाळा आणि शरद ऋतूतील काही सुट्ट्यांच्या काळात खासगी वाहनांना कुरणापर्यंतचा रस्ता बंद असतो. वाहने गावातील वाहनतळावर ठेवून उद्यानाच्या बसने जावे लागते. दरीत एका वेळी १,८०० हून अधिक लोक नसावेत अशी मर्यादा असून ती गाठली गेल्यास पुढच्या बस थांबवल्या जातात. त्यामुळे ऑगस्टमध्ये पहिल्या बसची रांग पहाटेच लागते. गावातील हॉटेल व दुकानचालकांची उपजीविका या गर्दीवर अवलंबून आहे आणि दरीचे आरोग्य ती गर्दी आवरण्यावर. पायी, म्हणजे तुरिएतोच्या वाटेने येणाऱ्यास बसच्या वेळापत्रकाचे बंधन नसते. परतीची शेवटची बस चुकल्यास मात्र त्यालाही अंधारात त्याच वाटेने उतरावे लागते.

दरीच्या तळाशी तंबू ठोकणे व नदीत पोहणे यांस मनाई आहे. जून ते ऑक्टोबर हा चालण्याचा मुख्य काळ. जुलै-ऑगस्टमध्ये दुपारनंतर विजांसह वादळे येतात, म्हणून पदरांवर किंवा शिखरांवर जाणारे पहाटे निघून दुपारपूर्वी उतरायला लागतात. हिवाळ्यात दरीच्या तळाची वाट बर्फावरच्या बुटांनी चालता येते, पण सोआसोच्या सर्कमध्ये बाजूच्या उतारांवरून हिमस्खलने कोसळतात. अशा दिवसांत पायऱ्यांपुढे जाण्याआधी तोर्लातच हिमस्थितीची चौकशी केली जाते.